‘आय’ बटण दाबलं की मराठी अक्षर फक्त वाकतं, असं का? इटॅलिकची ५०० वर्षांची गोष्ट

व्हॉट्सॲपवर आलेली एखादी लग्नपत्रिका पुन्हा उघडून बघा. वर इंग्रजीत नवरा-नवरीची नावं असतात. नाजूक, किंचित उजवीकडे झुकलेली, कुणीतरी चांगल्या शाईपेनाने सावकाश लिहिल्यासारखी. खाली ‘आमचे येथे श्रीकृपेकरून’ सुरू होतं. डिझाइन करणाऱ्याला वाटलेलं असतं की वरचं आणि खालचं एकसारखं दिसावं. म्हणून त्याने मराठी मजकूरही निवडला आणि ‘आय’चं बटण दाबलं.

आणि तिथेच काहीतरी बिनसतं. इंग्रजी नावं देखणी दिसतात, मराठी मजकूर मात्र वाऱ्याने कलंडलेल्या कुंपणासारखा दिसतो. काना तिरका, वेलांटी पुढच्या अक्षरावर रेललेली, रफार भलतीकडेच.

बटण एकच, कॉम्प्युटरही एकच. मग निकाल वेगळा का?

बऱ्याच जणांना वाटतं की मराठी फॉन्टच तेवढे चांगले नाहीत. पण हे खरं कारण नाही. इटॅलिक म्हणजे ‘तिरकं केलेलं अक्षर’ ही आपली समजूतच अर्धवट आहे. इटॅलिक हे मुळात एक वेगळं हस्ताक्षर आहे. ते कुठून आलं हे कळलं की पत्रिकेतला घोळ आपोआप उलगडतो. त्यासाठी १५०१ सालच्या व्हेनिसला जावं लागेल.

आधी सेरिफ आणि इटॅलिक म्हणजे काय?

पेपरातल्या इंग्रजी बातमीतलं एखादं अक्षर मोठं करून पाहा. उभ्या रेषेच्या वर आणि खाली छोटीशी आडवी टोकं दिसतील, जणू अक्षराला पाऊल फुटलंय. या टोकांना सेरिफ म्हणतात. टाइम्स न्यू रोमन, गॅरामाँड, बॉडोनी हे सेरिफ फॉन्ट. एरियल किंवा हेल्व्हेटिका यांना अशी पावलं नसतात, म्हणून ते सॅन्स सेरिफ.

सेरिफ फॉन्टचं जे सरळ, उभं रूप असतं, त्याला रोमन म्हणतात. त्याच्यासोबत येणारं झुकलेलं रूप म्हणजे इटॅलिक. आता एक प्रयोग करा. फोनवर किंवा लॅपटॉपवर टाइम्स न्यू रोमनमध्ये इंग्रजी वर्णमालेतली छोटी अक्षरं टाइप करा, त्याखाली तीच इटॅलिकमध्ये लिहा आणि दोन्ही ओळी मोठ्या करून बघा.

छोटा ‘ए’ पाहा. उभ्या रूपात त्याला दोन मजले असतात, खाली पोट आणि वर छत. इटॅलिकमध्ये छत गायब होतं. आपण वहीत लिहितो तसा गोल आणि बाजूला एक रेघ, एवढंच उरतं. अक्षरांच्या पायाशी असलेली सपाट पावलंही बरीचशी जातात. त्यांच्या जागी बारीक आकडे येतात, पेन कागदाला टेकताना आणि उचलताना उमटतात तसे. अक्षरं थोडी अरुंद होतात आणि एकमेकांच्या जवळ सरकतात. काही फॉन्टमध्ये छोटा ‘एफ’ ओळीच्या खाली पाय सोडून बसतो.

म्हणजे झुकणं हा या बदलांपैकी फक्त एक बदल आहे. अक्षराचा सांगाडाच वेगळा आहे. उभ्या अक्षराला ढकलून कितीही तिरकं केलं, तरी दोन मजली ‘ए’चं छत पडत नाही. चांगल्या फॉन्टमध्ये इटॅलिक वेगळं, पहिल्या अक्षरापासून नव्याने काढलेलं असतं.

घाईत लिहिणाऱ्यांचं अक्षर

हा वेगळा सांगाडा आला हस्ताक्षरातून. पंधराव्या शतकाच्या सुरुवातीला इटलीतल्या फ्लॉरेन्समध्ये निक्कोलो निक्कोली नावाचा विद्वान होता. जुन्या लॅटिन ग्रंथांच्या नकला उतरवण्याचा त्याला नाद होता. भरपूर आणि भराभर लिहायचं तर प्रत्येक अक्षर सुटं, सरळ आणि रेखीव काढून भागत नाही. हात वेग घेतो, पेन कमी वेळा उचललं जातं, अक्षरं उजवीकडे झुकतात, एकमेकांना धरतात. निक्कोलीने लिहिलेलं हे झुकतं, वाहतं अक्षर विद्वानांमध्ये रुजलं. पुढे त्याच्याच जातीचं अक्षर पोपच्या आणि इतर दरबारांच्या कचेऱ्यांमध्ये पत्रव्यवहारासाठी वापरलं जाऊ लागलं.

इटालियन भाषेत इटॅलिकला आजही ‘कोर्सिव्हो’ म्हणतात, म्हणजे धावतं. ‘इटॅलिक’ हे नाव इटलीबाहेरच्या लोकांनी दिलं, कारण त्यांच्यासाठी ते इटलीहून आलेलं अक्षर होतं.

१५०१: खिशातलं पुस्तक

हे हातचं अक्षर छापखान्यात आणलं आल्डस मनुटियसने. आल्डस मूळचा शिक्षक. ग्रीक आणि लॅटिनचा जाणकार. १४९० च्या आसपास तो व्हेनिसला आला आणि काही वर्षांत त्याने छापखाना काढला.

त्या काळी अभिजात ग्रंथ बहुतेकदा थोराड आकारात छापले जात. मधोमध मूळ मजकूर, चहूबाजूंनी टीका-टिप्पणी. असं पुस्तक वाचायचं तर मेज हवं. आल्डसने टिप्पण्या काढून टाकल्या, नुसता मूळ मजकूर ठेवला आणि आकार लहान केला. छपाईचा कागद तीनदा दुमडला की आठ पानं, म्हणजे सोळा पृष्ठं होतात. या आकाराला ऑक्टाव्हो म्हणतात. असं पुस्तक हातात मावतं, प्रवासात नेता येतं.

हा आकार आल्डसने शोधला नव्हता. छोटी प्रार्थनापुस्तकं आधीही असायची. पण कवी आणि विचारवंतांचं साहित्य या आकारात, एकामागून एक काढणं ही त्याची कल्पना. त्यातलं पहिलं होतं रोमन कवी व्हर्जिलच्या काव्यांचं पुस्तक. ते एप्रिल १५०१ मध्ये आलं आणि अख्खं इटॅलिकमध्ये छापलेलं होतं. त्याआधी १५०० साली संत कॅथरिनच्या पत्रांच्या पुस्तकातल्या एका चित्रात या अक्षरातले मोजके शब्द झळकले होते. पण पूर्ण पुस्तक हे पहिलंच.

इथे एक गोष्ट लक्षात घ्या. एखाद्या शब्दावर जोर द्यायला इटॅलिक वापरायचं, असा विचार तेव्हा कुणाच्या डोक्यातही नव्हता. सगळं पुस्तकच त्यात होतं. विद्वान लोक स्वतःच्या हाताने वहीत जसं लिहीत, तसं दिसणारं पुस्तक वाचकाच्या हातात द्यायचं होतं.

इटॅलिकमुळे कागद वाचला, म्हणून पुस्तकं स्वस्त झाली, असं इंटरनेटवर बऱ्याच ठिकाणी वाचायला मिळतं. अक्षरं अरुंद असल्याने थोडी जागा वाचते हे खरं, पण आल्डसचा मुख्य हेतू बचत हाच होता का, यावर अभ्यासकांचं एकमत नाही. पुस्तकाचा आटोपशीर आकार आणि ओळखीचं हस्ताक्षर ही जोडी मात्र निर्विवादपणे लोकांना आवडली.

पोलादावर हस्ताक्षर कोरायचं कसं?

आल्डसने कल्पना लढवली, पण अक्षरं त्याने कोरली नाहीत. ती कोरली बोलोन्याच्या फ्रान्चेस्को ग्रिफोने.

हे काम काय होतं ते समजून घेऊ. पोलादाची एक बारीक कांडी घ्यायची. तिच्या टोकावर एकच अक्षर, तेही उलटं, प्रत्यक्ष छापायच्या आकाराचं कोरायचं. म्हणजे तांदळाच्या दाण्याहूनही लहान. मग ते पोलाद कडक करून तांब्याच्या पट्टीवर ठोकायचं, की पट्टीत खोलगट ठसा उमटतो. त्या ठशावर साचा बसवून शिशाचा रस ओतला की खिळा तयार. आपल्याकडे छापखान्यात जे खिळे जुळवत, त्यांचाही जन्म याच पद्धतीने व्हायचा.

आता अडचण बघा. खिळा असतो चौकोनी. उभं अक्षर त्यावर नीट बसतं. झुकलेल्या अक्षराचं डोकं मात्र चौकोनाबाहेर जायला बघतं. बाहेर आलेला भाग दाब पडला की तुटतो. शिवाय हस्ताक्षरात अक्षरं एकमेकांना धरून असतात, खिळे तर सुटे. ग्रिफोने झुकाव बेताचा ठेवला आणि दोन-दोन अक्षरं जोडून एकाच खिळ्यावर घेतली, अशी डझनावारी जोडअक्षरं. जोडाक्षरांची सवय असलेल्या मराठी माणसाला ही युक्ती चटकन कळेल.

आणखी एक गंमत म्हणजे त्या पहिल्या इटॅलिकमध्ये मोठी अक्षरं तिरकी नव्हतीच. ती सरळ उभी होती, थोडी बुटकी. ओळीच्या सुरुवातीला एक ताठ अक्षर आणि पुढे सगळी झुकलेली. मोठ्या अक्षरांना तिरकं करायची पद्धत नंतरच्या काही दशकांत आली.

अक्षर कुणाचं? ज्याने कोरलं त्याचं की ज्याने छापलं त्याचं?

व्हर्जिलच्या त्या पुस्तकात आल्डसने ग्रिफोच्या हातांचं कौतुक करणाऱ्या तीन ओळी छापल्या. पण हक्क घेतला स्वतःच्या नावावर. १५०१ आणि १५०२ मध्ये त्याने व्हेनिसच्या राज्यकर्त्यांकडून संरक्षण मिळवलं, की या पद्धतीचं अक्षर तिथे दुसऱ्या कुणी वापरायचं नाही. आजच्या भाषेत सांगायचं तर फॉन्टचा कॉपीराइटच.

व्हेनिसचा हुकूम फ्रान्समध्ये चालत नव्हता. लिऑन शहरातल्या छापखान्यांनी अक्षराचीही नक्कल केली आणि पुस्तकांचीही. वैतागलेल्या आल्डसने १५०३ मध्ये एक जाहीर सूचनापत्र काढलं. नकली प्रतींमध्ये अमुक पानावर तमुक चूक आहे, कागद हलका आहे, त्याला वास येतो, अशी ओळखायची खूणच त्याने दिली. नक्कल करणाऱ्यांनी काय केलं? ती यादी हाताशी धरून चुका दुरुस्त केल्या.

हा हक्क सगळ्यात जास्त बोचला असेल तो ग्रिफोला. स्वतः घडवलेल्या अक्षराची तशीच दुसरी आवृत्ती व्हेनिसमध्ये दुसऱ्या कुणाला विकण्याची त्याला सोय उरली नाही. दोघांचं फाटलं. ग्रिफो व्हेनिस सोडून गेला आणि फानो गावात गेर्शोम सोन्चिनो या छापखानदारासाठी त्याने नवं इटॅलिक कोरलं. १५०३ च्या एका पुस्तकात सोन्चिनोने उघड लिहिलं की आल्डस वापरतो ती अक्षरं मुळात बोलोन्याच्या या फ्रान्चेस्कोची आहेत.

ग्रिफो पुढे बोलोन्याला परतला. १५१६ मध्ये त्याने स्वतःच्या अक्षरात, स्वतःच्या नावाने छोटी पुस्तकं छापायला सुरुवात केली. त्याच वर्षी घरातल्या भांडणात त्याच्या हातून जावई मारला गेला. त्यानंतर तो कागदपत्रांतून जवळपास नाहीसाच होतो.

आल्डसचं नाव मात्र राहिलं, इतकं की १९८५ मध्ये पेजमेकर हे सॉफ्टवेअर काढणाऱ्या अमेरिकन कंपनीने स्वतःचं नाव ‘आल्डस’ ठेवलं होतं. पुढे १९९४ मध्ये ती कंपनी अडोबीत विलीन झाली. महाराष्ट्रातल्या डीटीपी सेंटरांमध्ये कित्येक वर्षं पत्रिका, स्मरणिका आणि दिवाळी अंक याच पेजमेकरमध्ये लागले. म्हणजे आल्डसचं नाव गल्लीबोळापर्यंत पोचलं. ग्रिफो फॉन्टवाल्यांच्या वर्तुळातच राहिला.

आपल्याकडेही फार वेगळं नाही. मुंबईचा निर्णयसागर छापखाना म्हटलं की जावजी दादाजींचं नाव येतं आणि ते यायलाच हवं. पण त्या सुबक देवनागरी खिळ्यांमागे ज्यांचं कसब होतं, त्या राणोजी रावजी आरूंचं नाव किती जणांनी ऐकलंय?

मुख्य अक्षर मदतनीस कसं झालं?

सोळाव्या शतकाच्या पूर्वार्धात इटॅलिक हे स्वतंत्र अक्षर होतं. पोपच्या कचेरीत लेखनिक असलेल्या लुडोविको आर्रिगीने १५२२ साली हे हस्ताक्षर शिकवणारी पुस्तिका काढली आणि दोन वर्षांनी स्वतःच्या इटॅलिकमध्ये छपाईही सुरू केली. ते आल्डसच्या अक्षरापेक्षा मोकळं आणि जास्त डौलदार होतं. ‘एलिगंट’ इटॅलिक म्हणून आज आपल्याला जे आवडतं, त्यातलं बरंचसं या परंपरेतलं.

मग फ्रान्समध्ये एक बदल झाला. रोमन आणि इटॅलिक एकाच पानावर, एकमेकांना शोभतील अशी वापरली जाऊ लागली. रोबेर ग्रांजाँ हा इटॅलिक कोरणारा तिथला निष्णात कारागीर. क्लोद गॅरामाँचं रोमन आणि ग्रांजाँचं इटॅलिक १५९२ साली फ्रँकफर्टच्या एका नमुनापत्रकावर शेजारी-शेजारी छापलं गेलं. तुमच्या कॅनव्हामध्ये किंवा गूगल फॉन्ट्सवर ‘ईबी गॅरामाँड’ नावाचा फुकट फॉन्ट आहे. त्यातलं ‘ईबी’ म्हणजे एगेनोल्फ-बेर्नर, ते नमुनापत्रक काढणाऱ्या टाइप फाउंड्रीची नावं. म्हणजे त्यातलं तिरकं अक्षर तुम्ही निवडता तेव्हा ग्रांजाँच्या हाताची आठवण वापरत असता.

दोन अक्षरांचं असं लग्न लागल्यावर कामाची वाटणी झाली. मुख्य मजकूर रोमनचा. वेगळं काही दाखवायचं असलं की इटॅलिक. आज इंग्रजीत त्याची ठरलेली कामं अशी:

– पुस्तकं, चित्रपट, वर्तमानपत्रं आणि जहाजांची नावं.

– प्राणी-वनस्पतींची शास्त्रीय नावं. आंब्याचं ‘मँजिफेरा इंडिका’ रोमन लिपीत लिहिताना इटॅलिकमध्येच लिहायचं असतं.

– गणितातली चलं. बीजगणिताच्या पुस्तकातला ‘एक्स’ झुकलेला असतो तो याचमुळे.

– जोर द्यायचा शब्द, कादंबरीतल्या पात्राच्या मनातला विचार, नाटकातल्या रंगसूचना.

– परक्या भाषेतला शब्द.

यातल्या जोर देण्याच्या कामाला अपवादही आहेत. १५६० च्या जिनिव्हा बायबलमध्ये इटॅलिक शब्दांचा अर्थ होता ‘हा शब्द मूळ ग्रंथात नाही, वाक्य पूर्ण व्हावं म्हणून आम्ही घातलाय’. म्हणजे तिथे इटॅलिक जोर देत नव्हतं, प्रामाणिकपणे हात वर करत होतं.

शेवटच्या कामावरून सध्या वाद आहे. इंग्रजीत लिहिणारे बरेच भारतीय आणि इतर लेखक विचारतात, आमच्या गोष्टीतली ‘आजी’ आणि ‘भाकरी’ तिरकी का? त्या घरात राहणाऱ्या माणसाला हे शब्द परके नाहीत. तिरके केले की वाचणाऱ्याला न बोलता सांगितलं जातं, की ही वस्तू बाहेरची आहे. अनेक लेखकांनी आता असं करणं बंद केलंय. अक्षराचा झुकाव ही निव्वळ सजावट नसते, तो काहीतरी म्हणत असतो, हे या वादातून नीट कळतं.

नुसतं तिरकं करून पाहिलंच नाही का कुणी?

पाहिलं की, आणि तेही या क्षेत्रातल्या दिग्गजांनी. ब्रिटिश टायपोग्राफर स्टॅन्ली मॉरिसनने १९२६ मध्ये लेख लिहून मांडलं, की इटॅलिकने हस्ताक्षराचे लाड सोडावेत आणि रोमनचंच तिरकं रूप व्हावं. म्हणजे पानावर दोन वेगळी अक्षरं भांडणार नाहीत. डच डिझायनर यान फान क्रिम्पेनने ‘रोम्युलस’ या टाइपसाठी तसं अक्षर केलंही.

ते शिस्तीचं होतं, पण निर्जीव वाटलं. फार सारखं असल्यामुळे ओळीत ते वेगळं उठून दिसत नव्हतं आणि हाताची लयही हरवली होती. सेरिफ फॉन्टमध्ये ही कल्पना मूळ धरू शकली नाही. खुद्द मॉरिसनच्या देखरेखीखाली झालेलं आणि १९३२ मध्ये लंडनच्या ‘द टाइम्स’मध्ये पहिल्यांदा वापरलेलं टाइम्स न्यू रोमन बघा. त्याचं इटॅलिक खरंखुरं, वेगळ्या सांगाड्याचं आहे.

मॉरिसनच्या प्रयोगात निदान माणसाने विचार करून रेषा दुरुस्त केल्या होत्या. आपलं सॉफ्टवेअर तेवढंही करत नाही. फॉन्टमध्ये खरं इटॅलिक नसेल तर ते उभं अक्षर उचलतं आणि गणिताने एका बाजूला ढकलतं. याला नकली इटॅलिक म्हणतात. गोलाई बिघडते, रेषांची जाडी भलतीकडे सरकते. आणि मराठीत जवळजवळ प्रत्येक वेळी हेच होतं.

मग मराठीचं धावतं अक्षर कुठे गेलं?

आता पत्रिकेकडे परत येऊ. रोमन लिपीत तिरक्या बटणामागे एक खरं हस्ताक्षर उभं आहे. देवनागरीत त्या बटणामागे काय आहे? छापील परंपरेत तरी काही नाही.

पण मराठीला धावतं अक्षर नव्हतं असं मात्र नाही. ते होतं आणि शतकानुशतकं होतं. त्याचं नाव मोडी.

मोडीची गरज काय होती? कचेरीत, दफ्तरात, हिशेबाच्या वहीत भराभर लिहिणं. आधी पानभर शिरोरेघ ओढून घ्यायची आणि मग लेखणी शक्य तितकी कमी उचलत अक्षरं ओवत जायचं. बाळबोध, म्हणजे आपण आज वाचतो ती देवनागरी, सावकाश आणि सुटी. मोडी गोल, वळणदार, एकमेकांत गुंतलेली. इटलीत ग्रंथातलं उभं अक्षर आणि कचेरीतलं धावतं अक्षर यांचं जे नातं होतं, बरंचसं तसंच नातं इथे बाळबोध आणि मोडीचं होतं. एक फरक आहे. मोडीतली बरीच अक्षरं देवनागरीपासून इतकी दूर गेली आहेत की ती स्वतंत्र लिपी मानतात आणि न शिकता वाचता येत नाहीत.

एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला बंगालमधल्या सेरामपूरच्या मिशन छापखान्यात मोडीचेही खिळे पाडले गेले होते. पण मराठी छपाईने शेवटी बाळबोध निवडली. मोडी हातापुरती राहिली आणि विसाव्या शतकात शाळेतूनही गेली. २०१४ मध्ये ती युनिकोडमध्ये आली, पण तोवर ती वाचणारे अभ्यासक आणि हौशी मंडळीच उरली होती.

म्हणजे फ्रान्समध्ये जे लग्न लागलं, ते मराठी छापखान्यात लागलंच नाही. उभ्या अक्षराच्या शेजारी धावतं अक्षर कधी बसलं नाही. मग इंग्रजीसाठी बनलेली सॉफ्टवेअर आली, सोबत ‘आय’चं बटण आलं आणि ते बटण दाबल्यावर जे व्हायचं ते होतं.

त्यात देवनागरीचा स्वभाव वेगळा. शिरोरेघ आडवी आणि काना उभा, हा काटकोन म्हणजे या लिपीचा कणा. तिरकं केलं की शिरोरेघ आडवीच राहते आणि काना कलतो. वरच्या मात्रा उजवीकडे सरकतात, खालचे उकार डावीकडे.

देवनागरीला चांगलं तिरकं रूप देताच येणार नाही, असं मात्र नाही. ‘तिरो देवनागरी मराठी’ हा फुकट मिळणारा फॉन्ट बघा. त्यात मराठी वळणाचे ‘ल’ आणि ‘श’ आहेत आणि सोबत इटॅलिकही आहे. अशी उदाहरणं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी आहेत, एवढंच.

आणि मराठीला जोर द्यायला इटॅलिकची तेवढी गरजही पडली नाही. इंग्रजीत ‘हे काम मी केलं’ यातल्या ‘मी’वर जोर द्यायचा तर तो शब्द तिरका करावा लागतो. आपण म्हणतो, ‘मीच केलं’. एक ‘च’ लावला की काम झालं. ‘तूसुद्धा’, ‘तोही’, ‘आत्ताच’. शब्द मागेपुढे केला तरी जोर बदलतो: ‘पैसे दिलेत मी’. जे काम इंग्रजी पानावर अक्षर करतं, त्यातलं बरंचसं मराठीत व्याकरण करतं. पुस्तकांच्या नावांसाठी एकेरी अवतरणचिन्ह आहे, ठळक टाइप आहे.

पोस्ट, पत्रिका किंवा रील करताना काय करायचं?

एक. इंग्रजी इटॅलिक निवडताना फॉन्टमध्ये ते वेगळं दिलेलं आहे का ते बघा. छोट्या ‘ए’चं छत गेलं असेल तर बहुतेक वेळा खरं, दोन मजली ‘ए’ नुसता कललेला असेल तर बहुधा नकली. सॅन्स सेरिफ फॉन्टमध्ये मात्र तिरकं रूप मुद्दामच तसं ठेवलेलं असू शकतं.

दोन. ‘प्लेफेअर डिस्प्ले’सारख्या जाड-बारीक रेषांच्या फॉन्टचं इटॅलिक मोठ्या आकारात शोभतं. नाव, मथळा, एखादा शब्द. तेच पत्त्यासाठी किंवा तारखेसाठी बारीक वापरलं तर मोबाइलवर केसासारख्या रेषा दिसेनाशा होतात. आजी-आजोबांना मुहूर्त फोन करून विचारावा लागतो.

तीन. मराठीला इंग्रजीसारखा डौल हवा असेल तर तिरकं करू नका. बोरूच्या वळणाचा, जाड-बारीक रेषा असलेला देवनागरी फॉन्ट उभाच वापरा. शेजारचं इंग्रजी इटॅलिक आणि उभी मराठी जास्त छान जुळतात.

चार. व्हॉट्सॲपवर शब्दाच्या दोन्ही बाजूंना अंडरस्कोअर दिलं की तो तिरका होतो. मराठीत काही फोनवर नकली झुकाव येतो, काहींवर फारसं काही होत नाही. त्यापेक्षा दोन्ही बाजूंना तारा देऊन ठळक करा. सगळीकडे दिसतं.

पाच, आणि हे सगळ्यात महत्त्वाचं. इन्स्टाग्रामच्या बायोसाठी ‘फॅन्सी टेक्स्ट’ बनवून देणाऱ्या साइट असतात. त्या फॉन्ट बदलत नाहीत. गणितासाठी युनिकोडमध्ये वेगळी इटॅलिक चिन्हं दिलेली आहेत, ती तुमच्या अक्षरांच्या जागी भरतात. डोळ्यांना ते नाव दिसतं, पण सर्चमध्ये ते नेहमीच्या अक्षरांसारखं सापडेलच असं नाही. आणि ज्यांना दिसत नाही, जे स्क्रीन रीडरवर ऐकून फोन वापरतात, त्यांना काही वेळा एकेका अक्षराला ‘मॅथेमॅटिकल इटॅलिक स्मॉल’ अशी जंत्री ऐकू येते, काही वेळा काहीच नाही. दुकानाचं नाव, कार्यक्रमाचं ठिकाण, मदतीचं आवाहन अशा मजकुराला हे कधीच वापरू नका. देवनागरीसाठी अशी चिन्हं नाहीत, ते एका अर्थी बरंच आहे.

आल्डसने छोटं पुस्तक काढलं ते वाचणाऱ्याला सोपं जावं म्हणून. ग्रिफोने पोलादावर तासन्‌तास घालवले ते अक्षर हाताने लिहिल्यासारखं ओळखीचं वाटावं म्हणून. पुढच्या वेळी ‘आय’वर बोट नेताना एवढंच बघा, की समोरच्याला ते वाचता येणार आहे ना.